रजेवर गेलेली माणसं

कॉलेजात तिला सगळे वहिनी म्हणायचे. तशी ती एकाच मुलीची वहिनी, नवऱ्याच्या धाकट्या बहिणीची. पण ती मुलगीही त्याच वर्गात शिकायला होती, आणि तिच्या तोंडची हाक आठवडाभरात सगळ्या वर्गाच्या तोंडी बसली. बस चालवून निवृत्त झालेले ड्रायव्हरकाका तर वहिनीच्या वडिलांच्या वयाचे, पण तेही "वहिनी, जरा हे बघा बरं" असं म्हणायला लागले. तिनेही ते चालवून घेतलं.

त्याआधी बरीच वर्षं ती एका मोठ्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत होती. तळघरातली खोली, खिडकी नाही, मधोमध गरम रोलरचं यंत्र. दोघींनी मिळून ओल्या चादरीची टोकं धरायची, यंत्राच्या तोंडात द्यायची आणि पलीकडून निघाली की चटके सोसत घडी घालायची. दिवसभर हेच. तिच्या दोन्ही मनगटांवर भाजल्याचे पट्टे होते. सुट्टीच्या दिवशीही ती लांब बाह्यांचे कपडे घालायची.

लॉन्ड्रीतून सुटल्यावर ती ज्या थांब्यावर बसची वाट बघायची, त्याच्या समोरच ते कॉलेज होतं. कॉलेज म्हणजे खाली टायरचं दुकान आणि वर दोन मजले. तिथे रक्त तपासणाऱ्या लॅबमधलं काम शिकवत. एका वर्षात शिक्षण, मग नोकरी. दाराशी एक मोठा निळा बोर्ड होता. आमच्याकडे प्रवेश घेणाऱ्या शंभरातले ब्याण्णव जण अभ्यासक्रम पूर्ण करतात, असं त्यावर लिहिलेलं होतं.

दुसरं काही लिहिलेलं असतं तर वहिनीने कदाचित मान वळवली असती. पण 'पूर्ण करतात' हे शब्द तिच्या मनात घर करून बसले. तिचं सगळं अर्धवट राहिलेलं होतं. शिवणाचा क्लास अर्ध्यावर, टायपिंग अर्ध्यावर, बारावीनंतर पुढच्या वर्गात नाव घातलं तर तेवढ्यात लग्न. नवरा चेष्टेने म्हणायचा, "भांडण तेवढं तू अर्ध्यावर सोडत नाहीस." ती हसायची, पण ते तिला लागायचं. शंभरातले ब्याण्णव जिथे पार होतात, तिथे आपण त्या आठांतच कशाला असू, असं तिला वाटलं, आणि एके दिवशी बस सोडून ती जिना चढली.

प्रवेशाचं काम बघणाऱ्या मॅडमनी तिला आधी पाणी दिलं. मग शांतपणे सगळं विचारलं. घरी कोण, मुलं किती, काम काय. बाह्या सरकल्या तेव्हा मनगटं त्यांच्या नजरेतून सुटली नाहीत, पण त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढंच म्हणाल्या, "खरं सांगू का, तुमच्यासारख्याच बायका आमच्याकडे टिकतात. ज्यांनी सोसलेलं असतं ना, त्या सोडत नाहीत."

एवढ्या वर्षांत असं कुणी तिच्याशी बोललं नव्हतं. जिना उतरताना तिला अंगाने हलकं वाटत होतं.

धाकटीला तिनेच ओढलं. धाकटी चपलांच्या दुकानात होती, दिवसभर लोकांच्या पायाशी बसून मापं बघायची. लग्न होऊन वर्ष झालं होतं, पण नवरा दूरगावी कामाला, सुट्टीपुरता यायचा, म्हणून ती माहेरीच राहायची. ती मनातून तयार होती, पण सुईला घाबरायची. वहिनीच्या नवऱ्याला तर हे खूळच वाटत होतं. तो म्हणाला, "तुझं तू बघ. तिचं चाललंय ते काम कशाला सोडायला लावतेस?"

"मी आहे ना तिच्याबरोबर," वहिनी म्हणाली. "माझ्या शेजारी बसेल. मी पार झाले तर तीही होईलच."

पहिल्या दिवशी वर्ग गच्च भरला होता. उशिरा आलेल्यांना भिंतीला टेकून उभं राहावं लागलं. बहुतेक बायकाच. कुणी रात्रपाळी करून थेट आलेली, डोळे लाल. कुणी पोराला शेजारणीकडे टाकून आलेली, सारखी फोनकडे बघणारी. एक मुलगी दुसऱ्या मुलखातून आलेली, तिला भाषा नीट कळायची नाही. सर बोलले की ती शेजारणीच्या वहीत डोकवायची. ड्रायव्हरकाका पहिल्या रांगेत, नवीन चष्मा लावून. ते म्हणाले, "पेन्शन बसून खायला मिळते, पण बसवत नाही."

शिकवणारे सर चांगले होते. आधी रबरी हातावर शीर शोधायला शिकवलं, मग एकमेकांच्या हातावर. धाकटीचा हात पहिल्यांदा असा थरथरला की कुणी तिच्यासमोर हात ठेवायला तयार होईना. वहिनीने बाही वर केली आणि भाजलेलं मनगट सगळ्या वर्गासमोर टेबलावर ठेवलं. "टोच. याहून वाईट झालंय त्याचं." धाकटीला हसू आलं, आणि हसता हसता सुई बरोबर जागी गेली.

पुढे वर्ग विरळ व्हायला लागला. आधी रात्रपाळीवाली यायची बंद झाली. मग ती परमुलखातली मुलगी. मग दोन लेकरांची आई. वहिनीने मॅडमना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "रजेवर आहेत गं त्या. अडचणी असतात माणसांना. पुढच्या बॅचला येतील परत." एव्हाना त्या तिला अगं-तुगं करायला लागल्या होत्या आणि वहिनीला ते आवडायचं.

मग एकदा मॅडमनी तिला आणि ड्रायव्हरकाकांना रिकाम्या खुर्च्या वरच्या अडगळीच्या खोलीत नेऊन ठेवायला सांगितल्या. "रिकाम्या खुर्च्या बघून बाकीच्यांचं मन खचतं," त्या म्हणाल्या. वहिनीला ते अगदी पटलं. मॅडम किती बारीक विचार करतात, असं ती जिन्यात काकांना म्हणालीसुद्धा. काकांनी खुर्ची डोक्यावर घेतली होती. ते म्हणाले, "गाडीत शिटा रिकाम्या राहिल्या तर आम्ही शिटा नव्हतो काढत." वहिनीला वाटलं, काका नेहमीसारखी चेष्टा करताहेत. काही आठवड्यांनी डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि काकाही रजेवर गेले. त्यांची खुर्ची तिने एकटीने वर नेली. वर्ग मात्र जेव्हा बघावा तेव्हा भरलेला दिसायचा.

धाकटीला दिवस गेले, आणि चौथ्या महिन्यात त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलं. ती भिंतीकडे तोंड करून रडत राहिली. तिला बाळाची काळजी होती, आणि वर्गाचीही. तेव्हा मॅडम घरी आल्या. दोन जिने चढून, धापा टाकत. पलंगाच्या कडेला बसून त्यांनी धाकटीचा हात हातात घेतला. "वेडी आहेस का? आधी बाळ. तुझी जागा कुठे पळून जात नाही. तू रजेवर आहेस असं समज. अर्धा अभ्यास झालाय, राहिलेला पुढच्या बॅचबरोबर कर."

धाकटीच्या जीवात जीव आला. मॅडम गेल्यावर वहिनीने नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "बाई चांगली आहे, मान्य." त्याच्याकडून एवढं मिळणं म्हणजे पुष्कळ होतं.

परीक्षेच्या आधी कॉलेज तपासायला सरकारी समिती यायची होती. मॅडमनी वहिनीला बोलावून घेतलं. "तू बोल त्यांच्याशी. तुझ्याइतकं मनापासून कुणाला जमणार नाही. लॉन्ड्रीतून इथपर्यंत कशी आलीस, ते सांग." वहिनी घरी आरशासमोर दोनदा बोलून बघून आली.

समितीत एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मग साधा प्रश्न विचारला. "तुमच्या वर्गातून मधेच कोणी सोडून गेलं का?"

"नाही," वहिनी म्हणाली. "सोडून कोणी नाही गेलं. काही जणी रजेवर आहेत, त्या परत येणार आहेत."

तिच्या मागून मॅडम हसऱ्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे एक-दोन दिवसांची रजा. घरगुती कारणं."

एक-दोन दिवस कुठले, असं वहिनीच्या मनात येऊन गेलं. पण मोठ्या माणसांसमोर मॅडमचं बोलणं कुठे खोडून काढायचं, म्हणून ती गप्प राहिली. पांढऱ्या केसांच्या बाईंनी भरलेल्या वर्गावरून नजर फिरवली, मान हलवली आणि त्या पुढच्या खोलीत गेल्या.

वहिनी चांगल्या गुणांनी पास झाली. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी शेवटापर्यंत गेलं होतं. निरोपाच्या समारंभात तिला स्टेजवर बोलावलं. नवरा मागच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता, आणि टाळ्या थांबल्यावरही त्याचे दोन हात वाजतच राहिले. त्याच संध्याकाळी मॅडमनी तिला कॉलेजातच नोकरी देऊ केली. दाराजवळच्या टेबलावर बसायचं, येणाऱ्या बायकांशी बोलायचं. "लॅबमध्ये काय, कुणीही रक्त काढेल. पण बायकांना धीर द्यायला तूच हवीस." नोकरीसाठी कुठे उंबरे झिजवावे लागले नाहीत, यातच ती खूश होती. निळा बोर्ड नव्याने रंगवला. आता त्यावर शंभरातले पंच्याण्णव होते, आणि बाजूला वहिनीचा हसरा फोटो.

त्या टेबलावर बसून ती कितीतरी बायकांना पाणी द्यायची, शांतपणे विचारपूस करायची, आपली गोष्ट सांगायची. बायका ऐकायच्या आणि प्रवेश घ्यायच्या.

बाळ बसायला लागलं तेव्हा धाकटी परत आली. बाळाला आईकडे ठेवून, केस नीट विंचरून, जुनी वही छातीशी धरून. वहिनीने तिला मिठी मारली आणि स्वतः मॅडमच्या खोलीत घेऊन गेली.

मॅडमनी धाकटीकडे बघितलं. ओळख पटली, हे वहिनीला स्पष्ट दिसलं. "बसा," मॅडम म्हणाल्या. बस नव्हे, बसा. "नवीन बॅच पुढच्या महिन्यात सुरू होतेय. पहिल्यापासून प्रवेश घ्यावा लागेल."

"पण माझा अर्धा अभ्यास झालाय," धाकटी म्हणाली. "मी रजेवर होते. तुम्हीच म्हणाला होतात."

"तुमचा प्रवेश पक्का झालाच नव्हता. तुम्ही काही दिवस वर्गात बसून बघायला आला होतात. बरेच जण येतात तसे."

धाकटीला काही कळेना. तिने वहिनीकडे बघितलं. वहिनी म्हणाली, "मॅडम, ही माझ्या शेजारी बसायची. तुम्ही घरी आला होतात. तुमची काहीतरी गफलत होतेय."

"माझी कसली गफलत?" मॅडमचा आवाज जराही चढला नाही. "तूच नाही का समितीला सांगितलंस, वर्गातून कुणी सोडून गेलेलं नाही म्हणून? मग ही मधे गेली असं आता कसं म्हणायचं?"

धाकटी वहिनीकडे बघतच राहिली. वहिनीला वाटलं, ही आता ओरडेल, रडेल. तसं काही झालं नाही. धाकटीने वही उचलली. "तू असं सांगितलंस?" असं हळू आवाजात विचारलं आणि उत्तरासाठी न थांबता जिना उतरून गेली.

वहिनी तिच्या मागे धावली नाही. का धावली नाही, हे तिला पुढे कितीतरी दिवस स्वतःलाच सांगता येईना. ती तिथेच मॅडमसमोर उभी राहिली.

"बाकीच्यांचंही असंच केलंत?" तिने विचारलं. "काकांचं? त्या सगळ्या बायकांचं?"

मॅडमनी दार लावून घेतलं. त्यांचा चेहरा दमलेला दिसला, आणि त्या पहिल्यासारख्या मऊ आवाजात बोलायला लागल्या. "हे बघ, आपल्याकडे येतं कोण? काखेत पोर असलेल्या बायका. दोन-दोन नोकऱ्या करणाऱ्या. भाषा न येणाऱ्या. म्हातारी माणसं. यातले निम्मे मधे गळणारच, तो काही कुणाचा दोष नाही. पण बोर्डावर निम्मे असं लिहिलं तर जिना कोण चढेल? तू चढली असतीस?"

"नसते चढले," वहिनी म्हणाली.

"मग? झालं ना तुझं भलं?"

वहिनीचं भलं झालं होतं, हे खरंच होतं. ती म्हणाली, "तुम्ही मला म्हणाला होतात, माझ्यासारख्याच बायका टिकतात."

"सगळ्यांनाच सांगते मी ते," मॅडम म्हणाल्या. त्या अगदी सहज बोलून गेल्या, दुखवायचं म्हणून नव्हे. पण धाकटीबद्दल जे बोलल्या त्याहून हे वाक्य वहिनीच्या मनात जास्त खोल गेलं. एवढे महिने ते तिने कुणालाही न दाखवता जपलं होतं, आणि टेबलावर बसल्यापासून तेच वाक्य ती इतर बायकांना देत आली होती.

ती त्या दिवशी टेबलावर परतली नाही. पिशवी घेतली आणि निघाली. दाराबाहेर तिचा हसरा फोटो होता. तिने तिकडे न बघता रस्ता ओलांडला.

घरी धाकटीने अबोला धरला. एकाच घरात, एकाच ओट्याशी दोघी उभ्या राहायच्या, आणि धाकटी मीठ हवं असलं तरी ते भावाकडे मागायची. नवरा बिचारा दोघींच्या मधे निरोप्या झाला. एकदा वहिनीने त्याला सगळं सांगितलं आणि म्हणाली, "केसाने गळा कापला माझा." तो म्हणाला, "तुझा कापला खरा. पण सुरी तिला तुझ्या हातात दिसतेय."

मग वहिनी एकेकाला शोधायला निघाली. ड्रायव्हरकाका सापडायला वेळ लागला नाही, ते बस डेपोच्या चहाच्या टपरीवर बसलेले असायचे. ऑपरेशन झाल्यावर, परीक्षेच्या आधीच, ते कॉलेजात परत गेले होते. दारावरूनच त्यांना सांगण्यात आलं होतं की तुमचं नाव कुठेच नाही. "तुम्ही मला का नाही सांगितलं?" वहिनीने विचारलं.

काका चहाकडे बघत म्हणाले, "तुम्ही सगळे पुढे गेलात. मीच एकटा मागे पडलो, असं वाटलं. या वयात शिकायला गेलो आणि जमलं नाही, हे कोणाला सांगत बसणार?"

पुढे तिने ज्यांना ज्यांना गाठलं, त्या सगळ्यांकडून हेच ऐकलं. रात्रपाळीवाली दवाखान्यात फरशी पुसत होती. ती म्हणाली, "माझंच डोकं कच्चं. बाकीचे झाले ना पास?" दोन लेकरांच्या आईने दार अर्धवटच उघडलं. नवऱ्यासमोर हा विषय नको म्हणाली, कारण तो अजून तिला त्यावरून टोमणे मारायचा. परमुलखातली मुलगी सापडलीच नाही. एकाही माणसाला दुसरा गेल्याचं माहीत नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या घरी आपली एकट्याची लाज घेऊन बसला होता.

वहिनी समितीच्या कचेरीत गेली तेव्हा तिच्याबरोबर ड्रायव्हरकाका आणि रात्रपाळीवाली एवढेच होते. धाकटीला तिने विचारलं होतं. धाकटीने उत्तर दिलं नव्हतं. नवऱ्याने तेवढं बजावलं होतं, "कॉलेजचं नाव खराब झालं तर तुझ्या सर्टिफिकेटला कोण विचारणार, याचा विचार कर." तो तिने केला होता.

पांढऱ्या केसांच्या बाईंनी तिला ओळखलं. वहिनी म्हणाली, "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. आम्ही खुर्च्या उचलून वर नेत होतो." पुढचं बोलणं काकांनी केलं. तेवढ्यात दार उघडलं आणि धाकटी आत आली, कडेवर बाळ, हातात ती जुनी वही. ती वहिनीच्या शेजारच्या खुर्चीवर बसली नाही, काकांच्या पलीकडे बसली. पण बोलली सगळं, पहिल्यापासून, सुईच्या भीतीसकट. घरी आलेल्या मॅडमनी हात कसा धरला होता, तेही तिने सांगितलं.

चौकशी रखडत रखडत चालली. अखेर निळा बोर्ड उतरवावा लागला. गेलेल्यांना उरलेला अभ्यास पूर्ण करू द्या, असा हुकूम निघाला, आणि त्याचा फायदा अगदी थोड्यांनी घेतला. रात्रपाळीवाली गेली आणि पास झाली. काका म्हणाले, आता डोळे साथ देत नाहीत. धाकटी गेलीच नाही. "त्या जिन्यावर मला पाय ठेवायचा नाही," एवढंच ती भावाला म्हणाली आणि पुन्हा चपलांच्या दुकानात लागली. मॅडमना तिथून काढलं, पण काही महिन्यांत त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला तसल्याच एका कॉलेजात लागल्याचं कानावर आलं.

वहिनीला एका छोट्या लॅबमध्ये काम मिळालं, तेही बऱ्याच ठिकाणी नकार पचवल्यावर. सकाळी उपाशीपोटी आलेल्या माणसांचं रक्त काढायचं. हात हलका आहे, असं लोक म्हणायचे. कधी त्या कौतुकाने तिला बरं वाटायचं, आणि कधी वाटायचं की या खुर्चीच्या शेजारी दुसरीही कुणी बसायला हवी होती.

एकदा बाजारात तिला मॅडम भेटल्या. भाजीच्या गाड्यासमोर अचानक समोरासमोर. मॅडमचा चेहरा खुलला, खरोखर खुलला. "अगं, किती बारीक झालीस. कशी आहेस?" त्यांनी तिच्या दंडाला हात लावला. कित्येक महिने वहिनीने मनातल्या मनात या भेटीची तयारी केली होती. कुठलं वाक्य आधी बोलायचं, कुठलं नंतर, सगळं ठरलेलं होतं. आणि तिच्या तोंडून निघालं, "बरी आहे मॅडम. तुम्ही?"

मॅडम दोन शब्द बोलून पुढे गेल्या. वहिनी भाजी न घेताच घरी आली आणि स्वयंपाकघरात पिशवी आपटली. धाकटी बाळाला भरवत होती. वहिनी कुणाला सांगते आहे याचा विचार न करता बोलत सुटली. मॅडम कशा दिसल्या, कशा हसल्या, आपण काय बोललो. "बरी आहे म्हणाले मी. वर विचारलं, तुम्ही कशा आहात. माझी जीभ झडली का नाही?"

धाकटीने बाळाचं तोंड पुसलं. मग म्हणाली, "मी असते तर मीही तेच म्हटलं असतं, वहिनी. आपल्याला त्यांनी हात धरून शिकवलंय ना तसं."

ती हसली नव्हती, आणि तिच्या आवाजात पूर्वीची माया होती असंही म्हणता येणार नाही. पण मधल्या सगळ्या काळात तिने वहिनी अशी हाक मारली नव्हती. वहिनीने पिशवी उचलली. भाजी आणायची राहिली आहे, असं म्हणाली. धाकटी म्हणाली, "थांब, मी येते," आणि बाळाला कडेवर घेऊन तिने चपला शोधायला सुरुवात केली.